बाउल सामन्याचं घड्याळ घेताना आधी झाकण वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिट्सबर्गला शिकणाऱ्या एका मराठी मुलाला तिथल्या इस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातलं माणूस गेल्यावर सामान विकायला काढतात तिथे, बुलोव्हा या अमेरिकन कंपनीचं एक जुनं मनगटी घड्याळ दिसलं. डायलवर फुटबॉलचं छोटं चित्र आहे. मागच्या झाकणावर ‘शुगर बाउल, १ जानेवारी १९५६’ असं कोरलंय आणि खाली दोन आद्याक्षरं. झाकणाच्या कडेला ‘एल ५’ असा बारीक शिक्का आहे. विकणारा सांगतो की हे ‘पिट’च्या, म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठाच्या, खेळाडूला मिळालेलं घड्याळ आहे. हे खरं का, किंमत कशी ठरवायची, आणि घेतलंच तर सुट्टीत पुण्याला नेऊन पॉलिश नि दुरुस्ती करून घ्यावी का, असं त्याने विचारलंय.

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. बुलोव्हा म्हणून आवडलं असेल तर जरूर घ्या. शुगर बाउल खेळलेल्या खेळाडूचं घड्याळ म्हणून मात्र आज हातात असलेल्या पुराव्यावर एक डॉलरही जास्त देऊ नका. कारण तो सामना १ जानेवारीला झालाच नाही. तो झाला सोमवारी, २ जानेवारी १९५६ रोजी, न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन स्टेडियमवर.

बाउल सामन्यांची घड्याळं जमवण्याच्या या छंदात नवीन असलेल्यांसाठी दोन शब्द. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. कॉलेजांचा हंगाम संपला की निवडक संघांना आमंत्रण देऊन नववर्षाच्या सुमाराला जे खास सामने होतात, ते बाउल सामने. पॅसाडिनाचा रोझ बाउल सगळ्यांत जुना: पहिला सामना १९०२ चा, आणि १९१६ पासून दरवर्षी. मायामीचा ऑरेंज बाउल आणि न्यू ऑर्लिन्सचा शुगर बाउल १९३५ पासून, डॅलसचा कॉटन बाउल १९३७ पासून, जॅक्सनव्हिलचा गेटर बाउल १९४६ पासून. खेळाडू विद्यार्थी, हौशी म्हणून खेळणारे. त्यांना पैसे देता येत नसत, आठवणीची वस्तू मात्र देता येई. पदवी मिळाली की तरुणाला चांगलं घड्याळ भेट द्यायची अमेरिकेत जुनी रीत होतीच, त्यामुळे बाउलच्या आयोजकांनाही घड्याळ सोयीचं वाटलं. दरवर्षी, प्रत्येक बाउलने घड्याळच दिलं असं नाही. कुठे अंगठी, कुठे आणखी काही. म्हणून ‘त्या वर्षी तिथे घड्याळ दिलं होतं का’ हा प्रश्नसुद्धा गृहीत न धरता तपासायचा असतो.

आता तारखेकडे येऊ, कारण या घड्याळाचा निकाल तिथेच लागतो.

मोठे बाउल सामने १ जानेवारीला होतात हे सगळ्यांना पाठ असतं. पण १ जानेवारी रविवारी आली की सामना दुसऱ्या दिवशी ढकलत. पॅसाडिनात तर रोझ परेड, म्हणजे नववर्षाची तिथली मिरवणूक, रविवारी काढायची नाही हा नियम १८९३ पासूनचा आहे. चर्चबाहेर बांधलेले घोडे मिरवणुकीने बुजतील आणि प्रार्थनेत व्यत्यय येईल, हे त्यामागचं कारण. १९५०, १९५६ आणि १९६१ या तिन्ही वर्षी १ जानेवारी रविवारी होती आणि रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन हे चारही सामने २ तारखेला झाले. कॅलेंडर काही ऐनवेळी बदलत नाही. घड्याळांची ऑर्डर देणाऱ्या समितीला सामन्याचा दिवस कितीतरी महिने आधी माहीत असायचा, आणि तिकिटांवरही तोच छापलेला असायचा. त्यामुळे समितीने स्वतः कोरून दिलेल्या घड्याळावर ‘१ जानेवारी १९५६’ येणं मला पटत नाही. ती तारीख अशा माणसाने घातली आहे ज्याने ‘१९५६ चा शुगर बाउल’ एवढंच ऐकलं आणि बाकीचं गृहीत धरलं. तो फसवणारा असेलच असं नाही. वडिलांच्या घड्याळावर मुलांनी नंतर सराफाकडून आठवणीने कोरून घेतलं असेल. मात्र दोन्ही परिस्थितींत हा मजकूर बाउल समितीचा नाही.

तारखांचे आणखी सापळे आहेत. १ जानेवारी १९५४ चा सामना १९५३ च्या हंगामाचा असतो, त्यामुळे कोरलेलं वर्ष आणि संघाच्या नोंदीतला हंगाम यांत एका वर्षाचा फरक दिसला तर घाबरू नका. गेटर बाउल तर १९५४ या एकाच सालात दोनदा झाला: १ जानेवारीला टेक्सास टेकने ऑबर्नला हरवलं, ३१ डिसेंबरला ऑबर्नने बेलरला. ऑबर्नचा एखादा खेळाडू एकाच सालात दोन गेटर बाउल खेळलेला असू शकतो. कॉटन बाउलचं १९६६ मध्ये असंच झालं, एक सामना १ जानेवारीला आणि दुसरा ३१ डिसेंबरला. नुसतं ‘कॉटन बाउल १९६६’ असं कोरलेलं घड्याळ हाती आलं तर चारपैकी कोणता संघ, हे आधी शोधावं लागतं.

आणि मुळात हाच सामना कोणाला का हवासा वाटेल? १९५६ चा शुगर बाउल साधा सामना नव्हता. पिटच्या संघात बॉबी ग्रिअर होता, आणि शुगर बाउल खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. समोर जॉर्जिया टेक. जॉर्जियाचे गव्हर्नर मार्व्हिन ग्रिफिन यांनी डिसेंबर १९५५ मध्ये राज्याच्या विद्यापीठ मंडळाला तार करून सांगितलं की मिश्र, म्हणजे गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र असलेल्या, संघाविरुद्ध आपल्या पोरांना खेळू देऊ नका. त्यावर जॉर्जिया टेकचे विद्यार्थी अटलांटाच्या रस्त्यावर उतरले, गव्हर्नरच्या निवासस्थानापर्यंत गेले. मंडळाने अखेर सामना होऊ दिला. जॉर्जिया टेक ७-० जिंकलं, आणि तो एकमेव टचडाउन (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण) ज्या पेनल्टीमुळे शक्य झाला, ती ग्रिअरच्याच नावावर लागली. तो निर्णय चुकीचा होता असं मानणारे आजही पुष्कळ आहेत. त्याच वर्षी लुइझियानाने, म्हणजे न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे त्याने, मिश्र सामन्यांवर बंदी घालणारा कायदा केला. हा सामना म्हणजे अमेरिकेच्या इतिहासाचं एक पान आहे आणि त्याचं खरं घड्याळ माझ्या लेखी संग्रहालयात ठेवण्याजोगं आहे. म्हणूनच ज्याला झाकणावर चार अक्षरं कोरून किंमत वाढवायची आहे तो असाच सामना निवडणार. वस्तू जितकी मोलाची सांगितली जाईल, तितकं तिच्याकडे जास्त वेळ बघा.

तारीख बरोबर असती तरी मी पुढची तपासणी केलीच असती. दहापट भिंग घ्या आणि झाकणावर उजेड तिरपा पडेल असं धरा. त्या काळचं नाव कोरण्याचं काम बहुधा पँटोग्राफवर व्हायचं, म्हणजे साच्यातल्या अक्षरांवरून एक सुई फिरवायची आणि दुसरी सुई तीच अक्षरं लहान करून झाकणावर ओढते. त्या रेघा सगळीकडे सारख्या जाडीच्या आणि सारख्या खोलीच्या दिसतात. हाताने कोरलेल्या अक्षरात रेघ सुरुवातीला बारीक, वळणावर रुंद, शेवटी पुन्हा निमुळती होते. लेझरने केलेल्या अक्षराचा तळ करडा, निस्तेज आणि ठिपक्याठिपक्यांचा असतो. तसं दिसलं तर ते पन्नासच्या दशकातलं काम नाही, एवढं नक्की.

मग ओरखड्यांचा क्रम पाहा. हा माझा सगळ्यांत भरवशाचा निकष. कित्येक वर्षं मनगटावर घासलेल्या झाकणावर केसासारखे बारीक ओरखडे असतातच. ते ओरखडे अक्षराच्या रेघेवरून पलीकडे गेले असतील, रेघेच्या कडांना त्यांनी बारीक खाचा पाडल्या असतील, तर अक्षरं आधीची आणि ओरखडे नंतरचे. उलट जुना ओरखडा रेघेपाशी येऊन स्वच्छ तुटत असेल, कडा टोकदार असतील आणि तळ लखलखीत असेल, तर जुन्या झाकणावर नवं कोरलेलं आहे. कोरड्या कापसाचा बोळा अलगद फिरवून पाहा. ताज्या रेघेच्या कडेला धातूची सूक्ष्म कूस असते आणि कापसाचे तंतू तिथे अडकतात. आणखी एक गोष्ट बघायची: मनगटाला टेकतो तो झाकणाचा मधला भाग, त्यामुळे मधली अक्षरं कडेच्या अक्षरांपेक्षा जास्त झिजलेली हवीत. सगळीकडे एकसारखी झीज दिसली तर कोणी तरी बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, मारून ती ‘आणली’ आहे.

यात एक मेख आहे. पुष्कळ अमेरिकन घड्याळांत वरची कड सोन्याच्या पातळ पत्र्याची आणि मागचं झाकण स्टीलचं असतं. स्टीलवरची अक्षरं साठ-सत्तर वर्षांनीही टवटवीत राहतात. त्यामुळे झाकण कोणत्या धातूचं आहे हे आधी वाचा आणि मगच झिजेवरून मत बनवा. झाकणावर ‘१० कॅरेट गोल्ड फिल्ड’ असेल तर त्यावर सोन्याचा बऱ्यापैकी जाड थर असतो. ‘रोल्ड गोल्ड प्लेट’ म्हटलं की त्याहून कमी. नुसतं सोन्याचं पाणी दिलेलं असेल तर कोरताना खालचं पितळ उघडं पडतं आणि जुन्या रेघेत ते काळवंडलेलं किंवा हिरवट दिसायला हवं. पिवळंधमक दिसलं तर कोरीवकाम अलीकडचं आहे.

‘एल ५’ बद्दल. बुलोव्हाने १९५० पासून अक्षर आणि अंक असा शिक्का ठेवला: एल म्हणजे पन्नासचं दशक, एम म्हणजे साठचं, एन म्हणजे सत्तरचं. तेव्हा एल ५ म्हणजे १९५५. जानेवारी १९५६ मध्ये देण्यासाठी तयार झालेलं घड्याळ १९५५ चं असणं अगदी जुळतं. झाकण उघडल्यावर आतल्या मशीनवरही असा शिक्का सापडेल. एका वर्षाचा फरक चालतो, पाच वर्षांचा फरक असेल तर मशीन बदललेलं आहे. पण शिक्का जुळला म्हणून हुरळून जाऊ नका. बुलोव्हाने त्या वर्षी सबंध अमेरिकेत घड्याळं विकली, त्यातलं कोणतंही एक आणून त्यावर नाव कोरता येतं. चुकीचा शिक्का खोटेपणा सिद्ध करतो, बरोबर शिक्का खरेपणा सिद्ध करत नाही. इतर कंपन्यांचं असंच आहे. लाँजिनचं घड्याळ असेल तर मशीनवरच्या क्रमांकावरून स्वित्झर्लंडच्या सँ-इमिए गावातला कंपनीचा अभिलेखविभाग ते कधी, कोणत्या एजंटाकडे गेलं हे सांगू शकतो, आणि अमेरिकेत आयात झालेल्या मशीनच्या पट्टीवर ‘एलएक्सडब्ल्यू’ ही तीन अक्षरं दिसतात. हॅमिल्टनचं घड्याळ हे पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरचं, पण १९६९ नंतर तिथलं उत्पादन थांबलं; सत्तरच्या दशकातल्या बाउलचं घड्याळ ‘लँकेस्टरला बनलेलं’ म्हणून कोणी विकत असेल तर सावध राहा.

डायलवरचं चित्र मला नेहमी झाकणापेक्षा कमी पटवतं. मूळ छपाई बारीक आणि कडेला स्वच्छ असते, तासांच्या खुणांशी तिचं अंतर नेमकं जमलेलं असतं. पुन्हा रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाड होतात, सेकंदाच्या रेघा डायलच्या कडेशी तिरक्या भेटतात, सहाच्या खालचा देशाचा उल्लेख अर्धा कापला जातो. हे काम आपल्याकडे किती होतं ते सांगायला नको. जुन्या मशीनवर भडक नवी डायल चढवलेली घड्याळं भारतातून जगभर विकली जातात, आणि परदेशी संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ या नावानेच ओळखतात. बाउल घड्याळाची डायल डागाळलेली असली तरी मूळ असली पाहिजे.

यापुढचा पुरावा माणसांचा. दोन आद्याक्षरांवरून खेळाडू ठरत नाही. दोन्ही संघांत मिळून तीच अक्षरं असलेले तिघे-चौघे सहज निघतात. सामन्याच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत खेळाडूंची यादी असते. पिटची वार्षिकं ‘द आउल’ या नावाने निघत, ती विद्यापीठाच्या ग्रंथालयामार्फत बघता येतात, आणि तुम्ही तर त्याच शहरात आहात. जुन्या स्थानिक वर्तमानपत्रांत खेळाडूंना काय भेट मिळाली याचीही बातमी सापडू शकते. सगळ्यांत मजबूत पुरावा म्हणजे जोडीदार घड्याळ: त्याच सामन्यातल्या दुसऱ्या खेळाडूचं, घराण्याकडून थेट आलेलं घड्याळ. कंपनी, डायल, अक्षरांचं वळण, ओळींची मांडणी तीच असेल तर बोलायलाच नको. समिती एका सामन्याची घड्याळं एकाच ठिकाणाहून घ्यायची, त्यामुळे ती भावंडांसारखी दिसतात. तसं एकही उदाहरण न सापडता ‘हे त्याच सामन्याचं’ असं म्हणणाऱ्याला मी मान डोलावत नाही.

विकणाऱ्याला आणखी एक साधा प्रश्न विचारा: हे घर कोणाचं होतं? आडनाव १९५५ च्या पिटच्या यादीत असेल आणि आद्याक्षरं जुळत असतील, तर चित्र बदलतं. मग घड्याळ खेळाडूच्या घरातलं आहे आणि मजकूर नंतर कोरला गेला, ही शक्यता पुढे येते. अशा घड्याळाला बाउलचं अस्सल घड्याळ म्हणून किंमत नाही, पण साध्या बुलोव्हापेक्षा नक्कीच जास्त आहे, आणि वारसांकडून दोन ओळींचं सही केलेलं पत्र मिळालं तर आणखी. ते पत्र घड्याळाबरोबर कायम ठेवायचं. हेही लक्षात असू द्या की घड्याळं फक्त खेळाडूंना मिळत नव्हती. प्रशिक्षक, संघ व्यवस्थापक, समितीचे सदस्य यांच्याकडेही ती गेली. ‘बाउलचं घड्याळ’ आणि ‘खेळाडूचं घड्याळ’ यांत किमतीचा मोठा फरक आहे, आणि विकणारे तो पुसट करून सांगतात.

किंमत ठरवताना ईबेवर मागितलेले भाव पाहू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव पाहा. तिथे तशी गाळणी लावता येते. डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्सचे जुने लिलाव-निकालही उपयोगी पडतात. सामना कोणता, खेळाडू कोण, नाव पूर्ण कोरलंय की नाही, डायल मूळ आहे का, या क्रमाने भाव वर जातो. घड्याळ चालू आहे की बंद, हे शेवटी येतं.

सत्तरनंतरच्या क्वार्ट्झ घड्याळांवर मी फार वेळ घालवत नाही, पण कमी पैशांत सुरुवात करायची असेल तर ती चांगली. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था, हिच्या नियमांनुसार २०१० च्या दशकात प्रत्येक बाउलला एका संघातल्या १२५ जणांपर्यंत, प्रत्येकी ५५० डॉलरपर्यंतच्या भेटी देता येत होत्या, आणि त्यात फॉसिलसारख्या कंपन्यांची घड्याळं भरपूर असत. म्हणजे पुरवठा मोठा. यांत मियोटा २०३५ सारखं स्वस्त मशीन खूपदा मिळतं. एसआर ६२६ एसडब्ल्यू सेल टाकला की चालतं, नाही तर मशीनच बदलता येतं. गळलेला सेल तेवढा लगेच काढा. मात्र सध्या खेळत असलेल्या विद्यार्थ्याकडून काही घेण्याआधी त्याला लागू असलेले नियम तपासा. २०१० मध्ये ओहायो स्टेटच्या पाच खेळाडूंना बक्षिसं आणि स्मृतिवस्तू विकल्याबद्दल पाच सामन्यांची बंदी झाली होती. तुमच्या संग्रहासाठी कोणाचा हंगाम जाऊ नये.

आता पुण्याचं. जुन्या चावीच्या घड्याळांचे निष्णात घड्याळजी पुण्या-मुंबईत अजून आहेत आणि मशीनचं काम त्यांच्याकडून जरूर करून घ्या: उघडून धुणं, तेल घालणं, गरज असेल तर स्प्रिंग बदलणं. पण घड्याळ हातात देण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट सांगा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. झाकणाला आणि कडेला बफ लावायचा नाही. डायलला हात लावायचा नाही, पुसायचीही नाही. बदललेला प्रत्येक जुना भाग पुडीत घालून परत द्यायचा. आपले कारागीर मनापासून घड्याळ ‘नव्यासारखं’ करून देतात, आणि आपल्याला नेमकं तेच नकोय. एकदा बफ फिरला की सोन्याचा पातळ पत्रा जातो, अक्षरांच्या कडा गोल होतात, आणि वर सांगितलेला ओरखड्यांचा पुरावा कायमचा पुसला जातो. काच प्लास्टिकची असेल तर ती घासून स्वच्छ करायला हरकत नाही.

आणखी एक, आणि हे गांभीर्याने घ्या. त्या काळातल्या घड्याळांच्या काट्यांवर किंवा आकड्यांवर अंधारात चमकणारा रंग असेल तर तो रेडियमचा असू शकतो. आता तो चमकत नसला तरी किरणोत्सर्ग चालूच असतो. काच बंद असताना तो रंग सुटून बाहेर येत नाही, पण हौसेने उघडून तो खरवडू नका, त्याची भुकटी श्वासात जाता कामा नये. घड्याळजीलाही आधी कल्पना द्या.

तर सध्या एवढंच करा: विकणाऱ्याला सामन्याची खरी तारीख शांतपणे सांगा, घर कोणाचं ते विचारा, आणि १९५५ च्या साध्या बुलोव्हाचा विकला गेलेला भाव काढून तेवढेच देऊ करा. नाही म्हणाला तर सोडून द्या. घेतलंत तर मला तीन फोटो पाठवा: तिरप्या उजेडातलं झाकण, उघडल्यावर झाकणाची आतली बाजू, आणि मशीनवरचा शिक्का. झाकण मात्र स्वतः चाकूने उचकटू नका, घड्याळजीकडूनच उघडून घ्या. चाकू निसटला की पहिला ओरखडा अक्षरांवरच पडतो.